सीपायथॉनच्या आत शिरायचंय? ॲलोकेटरपासून सुरुवात करा

सीपायथॉन म्हणजे सीमध्ये लिहिलेला पायथॉनचा नेहमीचा इंटरप्रिटर, आपला कोड चालवणारा प्रोग्राम. तो आतून शिकायचा म्हटलं की बहुतेक जण पार्सर नाहीतर बाइटकोड धरतात. मी मेमरी ॲलोकेटर, म्हणजे मेमरीतली जागा वाटणारा भाग, धरला आणि नवख्यांनाही तोच सुचवतो. 'ऑबमॅलॉक' नावाची सी फाइल आणि तिची हेडर फाइल, एवढाच पसारा. कोडच्या आधी त्यातल्या लांबलचक कॉमेंट्स वाचा. कित्येक पाठ्यपुस्तकांपेक्षा त्या बऱ्या आहेत.

पायथॉनमध्ये दोन दशांश संख्यांची बेरीज केली तरी नवा ऑब्जेक्ट तयार होतो. ६४ बिट मशीनवर २४ बाइटचा. असल्या बारीकसारीक मागण्यांसाठी दरवेळी सिस्टिमच्या मॅलॉकचं, म्हणजे जागा देणाऱ्या फंक्शनचं, दार ठोठावणं महागात पडतं. म्हणून व्लादिमिर मारांगोझोव्ह यांनी लिहिलेला पायमॅलॉक हा पायथॉनचा स्वतःचा ॲलोकेटर आला आणि २००३ च्या २.३ आवृत्तीत डिफॉल्ट झाला. ५१२ बाइटपर्यंतच्या मागण्या आज तोच भागवतो. अरीना म्हणजे सिस्टिमकडून एकदम घेतलेला मेमरीचा मोठा तुकडा. तिचे पूल पाडलेले असतात, पूलचे ब्लॉक, आणि एका पूलमध्ये सगळे ब्लॉक एकाच मापाचे. ब्लॉक मोकळा झाला की त्याच्याच पोटात पुढच्या मोकळ्या ब्लॉकचा पत्ता लिहून ठेवतात, त्यामुळे यादीसाठी वेगळी जागा लागत नाही.

खरी गंमत जागा परत करताना आहे. परत आलेला पॉइंटर, म्हणजे ब्लॉकचा पत्ता, पायमॅलॉकचा की सिस्टिमच्या मॅलॉकचा, हे कसं ओळखायचं? जुना कोड पत्त्याचे खालचे बिट पुसून ४ केबीच्या पानाच्या (मेमरीच्या ठरावीक तुकड्याच्या) सुरुवातीला जायचा, तिथला अरीनाचा क्रमांक वाचायचा आणि तो खरा आहे का ते ताडून बघायचा. पान आपलं नसेल तर वाचलेला क्रमांक निव्वळ कचरा! मेमरीतल्या चुका शोधणारं व्हॅलग्राइंड हे साधन यावर कुरकुरायचं. शिवाय पूल पानापेक्षा मोठा करायची सोय नव्हती, कारण शेजारचं पान वाचायला गेलं तर प्रोग्राम कोसळू शकला असता. २०२१ च्या ३.१० आवृत्तीत हे काम रॅडिक्स ट्रीकडे, म्हणजे पत्त्याच्या बिटांवरून शोध घेणाऱ्या झाडासारख्या रचनेकडे, गेलं आणि ६४ बिट मशीनवर पूल १६ केबीचा, अरीना २५६ केबीवरून १ एमबीची झाली. पॉइंटर ओळखणं पानाच्या मापापासून सुटं केल्यावरच पूल मोठा करता आला. वेगासाठी आधी काय सुटं करावं लागतं, हे मला या एका बदलातून कळलं.

मोजमापाचं थोडक्यात सांगतो. 'पायथॉनमॅलॉक' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल 'मॅलॉक' ठेवून, म्हणजे पायमॅलॉक बाजूला सारून, तोच प्रोग्राम पुन्हा चालवा, फरक डोळ्यांनी दिसेल. आकडे पायपर्फ या वेग मोजणाऱ्या साधनाने घ्या. डीबग बिल्डवरचे (चुका शोधण्यासाठी बनवलेल्या बिल्डवरचे) आकडे कुणाला दाखवूही नका. तिथला ॲलोकेटर प्रत्येक ब्लॉकभोवती पहाऱ्याचे बाइट भरत बसतो.

'लिस्ट डिलीट केली तरी मेमरी का उतरत नाही?' हा प्रश्न तुम्हाला हमखास विचारला जाईल. अरीनातला एकही ब्लॉक वापरात असेल तर ती अख्खी अरीना अडकून राहते, सिस्टिमला परत जात नाही.

आणि वाचताना बिल्ड कुठला ते बघा. ३.१३ च्या जीआयएल (एका वेळी एकाच थ्रेडला पायथॉन कोड चालवू देणारं कुलूप) नसलेल्या बिल्डमध्ये पायमॅलॉकच्या जागी मायमॅलॉक हा दुसरा ॲलोकेटर आहे.