उंचावरच्या अरण्यातील तंबूचा मुक्काम: जागा निवडण्यापासून जागा सोडण्यापर्यंत

अमेरिकेतील बहुतेक नॅशनल फॉरेस्टमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या राखीव जंगलांत, आखीव कॅम्पग्राउंडच्या बाहेर, जिथे नळ, शौचालय, कचरापेटी यांपैकी काहीही नाही अशा ठिकाणी तंबू ठोकून राहण्याची मुभा असते. या प्रकाराला डिस्पर्स्ड कॅम्पिंग म्हणतात. त्यासाठी सहसा पैसे पडत नाहीत आणि आरक्षणही लागत नाही. मात्र कॅम्पग्राउंडचा व्यवस्थापक जी काळजी घेतो ती सगळी इथे आपल्यालाच घ्यावी लागते. कोलोरॅडोमधील रॉकी पर्वतात अशा जागा बऱ्याचदा २,७०० ते ३,४०० मीटर उंचीवर, स्प्रूस, फर आणि लॉजपोल पाइन या सूचिपर्णी झाडांच्या दाट रानात असतात. एवढ्या उंचीवर हवामान, झाडे आणि स्वतःचे शरीर या तिन्हींचे वागणे बदलते, आणि मुक्काम सुखाचा होणार की नाही हे बहुतांशी तंबू उभा राहण्यापूर्वीच ठरून गेलेले असते.

घरून निघण्यापूर्वी संबंधित रेंजर कचेरीला, म्हणजे त्या जंगलाच्या स्थानिक वनकचेरीला, फोन करावा. बहुतेक ठिकाणी एका जागी राहण्याची मर्यादा १४ दिवसांची असते, पण नियम जंगलागणिक बदलतात. जिथे वर्दळ फार वाढली आहे तिथे आता क्रमांकाच्या खुंट्या रोवून ठरवून दिलेल्या जागांवरच राहता येते. ही जंगले सांभाळणारी यू. एस. फॉरेस्ट सर्व्हिस मोटार वाहनांसाठीचा नकाशा विनामूल्य देते; कोणत्या रस्त्यावर गाडी नेता येते, तो रस्ता वर्षातून कोणत्या काळात खुला असतो आणि तंबूच्या जागेसाठी रस्ता सोडून किती अंतर आत जाता येते हे त्यावरून कळते. उंचावरचे कित्येक रस्ते जूनमध्येही बर्फाखाली असतात. तेव्हा मनात एकच जागा धरून न जाता दोन-तीन पर्याय ठरवून जावे.

समुद्रसपाटीजवळच्या गावातून विमानाने येऊन त्याच रात्री ३,००० मीटरवर झोपणे शहाणपणाचे नाही. त्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ७० टक्केच असतो. पहिली एक-दोन रात्र १,६०० मीटरवरच्या डेन्व्हरसारख्या ठिकाणी काढावी आणि ३,००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही लक्षणे दिसली तर आणखी वर चढू नये, आणि ती वाढत गेली तर रात्र असली तरी खाली उतरावे. चालताना तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे हे गंभीर आजाराचे लक्षण आहे. अशा वेळी सकाळची वाट पाहत बसू नये.

जागा शोधायला सूर्यास्तापूर्वी किमान दोन तास हाती ठेवून पोहोचावे. नवी जमीन मोडण्यापेक्षा आधी वापरलेली, गवत उडालेली, टणक झालेली जागा घ्यावी, कारण उंचावरचा उन्हाळा इतका छोटा असतो की तुडवलेले गवत पुन्हा उगवायला कित्येक वर्षे लागू शकतात. ओढ्यापासून किंवा तळ्यापासून ६० मीटर, म्हणजे साधारण ऐंशी पावले, दूर राहावे. यानंतरचे काम घाईने उरकले जाते, आणि माझ्या मते तेच सर्वांत महत्त्वाचे आहे: मान वर करून झाडे पाहणे.

१९९६ नंतरच्या काळात पाइन बीटल या किड्याने कोलोरॅडोतील लाखो एकरांवरील लॉजपोल पाइन मारले, आणि त्यांतली पुष्कळ झाडे वठून वर्षानुवर्षे उभीच राहिली. त्यांची मुळे उथळ असतात, ती कुजली की झाड वाऱ्याने पडते, कधी तर वारा नसतानाही पडते. प्रत्येक झाडाचे खोड बुंध्यापासून शेंड्यापर्यंत नीट न्याहाळावे. सुया लालसर झाल्या आहेत किंवा पार गळून गेल्या आहेत, साल पत्र्यासारखी सुटली आहे, खोडावर राळेचे बोटभर गोळे दिसतात आणि बुंध्याशी लाकडाचा बारीक भुसा साचला आहे, सुतारपक्ष्याने भोके पाडली आहेत, यांपैकी काहीही दिसले तर ते झाड धोक्याचे समजावे. हिरव्या झाडावर अडकून राहिलेली तुटकी फांदीही तितकीच घातक असते. वठलेल्या झाडाची जेवढी उंची, त्याहून जास्त अंतरावर तंबू लावता येत नसेल तर ती जागा सोडून द्यावी, मग समोरचा देखावा कितीही सुंदर असो.

रात्री थंड हवा जड होऊन उताराने खाली वाहते आणि दरीच्या तळाशी, कुरणात साचते. म्हणून ओढ्याकाठच्या मोकळ्या हिरवळीपेक्षा तिच्यापासून थोडे वर, झाडांच्या कडेला असलेली सपाटी अधिक उबदार आणि कोरडी असते. तिथे सकाळचे ऊन लवकर पोहोचत असेल तर उत्तमच. ओला तंबू वाळवायला त्याचा मोठा उपयोग होतो. डोंगराची धार, एकटे उंच झाड आणि मोकळे पठार मात्र विजेच्या भयाने टाळावे. जुलै-ऑगस्टमध्ये या पर्वतांत दुपारनंतर वादळी पाऊस जवळजवळ नेमाने येतो. वृक्षरेषेच्या, म्हणजे जिच्या वर झाडे वाढत नाहीत त्या उंचीच्या, वर फिरायला जायचे असेल तर पहाटे निघून दुपारपूर्वी खाली यावे. वीज कडाडत असताना तंबूचे कापड काहीही संरक्षण देत नाही. गाडी जवळ असेल तर काचा लावून तीत बसावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे.

दर १,००० मीटरला तापमान सुमारे साडेसहा अंशांनी उतरते, आणि स्वच्छ आकाशाच्या रात्री ऐन जुलैतही पाणी गोठू शकते. थंडी अंगात शिरते ती मुख्यतः जमिनीतून, त्यामुळे महागड्या स्लीपिंग बॅगेपेक्षा आधी चांगल्या मॅटवर खर्च करावा. तिचे आर-मूल्य, म्हणजे थंडी अडवण्याची क्षमता दाखवणारा आकडा, चार किंवा अधिक असावे. दिवसभर घातलेले घामट कपडे झोपताना बदलावेत. तंबूचे झरोके थंडी असली तरी उघडे ठेवावेत, नाहीतर श्वासातील वाफ आतल्या कापडावर थेंब होऊन साचते आणि पहाटे अंगावर गळते. स्टोव्ह तंबूच्या आत कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. साधा ब्यूटेन गॅस शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो, म्हणून आयसोब्यूटेन आणि प्रोपेनचे मिश्रण असलेला डबा घ्यावा.

ओढ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी गाळून किंवा उकळूनच प्यावे. ३,००० मीटरवर पाणी सुमारे ९० अंशांनाच उकळते; तिथे खळखळती उकळी तीन मिनिटे राहू द्यावी. पोकळ तंतूंचा फिल्टर एकदा वापरून ओला झाल्यावर गोठला तर आतून फाटतो आणि बाहेरून काहीच कळत नाही, त्यामुळे तो रात्री स्लीपिंग बॅगेत घेऊन झोपावे.

कोलोरॅडोत काळी अस्वले आहेत आणि त्यांचे नाक विलक्षण तीक्ष्ण असते. अन्न, कचरा, टूथपेस्ट, साबण, थोडक्यात वास येणारे सर्व काही, अस्वलाला न उघडणाऱ्या कडक डब्यात घालून तंबूपासून सत्तर-ऐंशी पावलांवर ठेवावे, आणि स्वयंपाकही तंबूपासून तितक्याच अंतरावर करावा. अन्नाला सोकावलेल्या अस्वलाला शेवटी बहुधा मारावे लागते, हे ध्यानात ठेवले की रात्री उठून डबा तपासण्याचा कंटाळा येत नाही.

शेकोटीबाबत वणव्याच्या धोक्यामुळे पातळीवार लावले जाणारे त्या आठवड्याचे निर्बंध पाहावेत. पहिल्या पातळीचे निर्बंध लागू झाले की अशा मोकळ्या मुक्कामांवर शेकोटीला बंदी असते. बंद-चालू करता येणारा गॅसचा स्टोव्ह तेवढा सामान्यतः चालतो. परवानगी असली तरी आधीच रचलेल्या दगडांच्या वर्तुळातच, खाली पडलेल्या मनगटाएवढ्या वाळक्या काटक्यांची लहानशी शेकोटी करावी. विझवताना पाणी ओतावे, काठीने ढवळावे, पुन्हा ओतावे आणि शेवटी उघड्या हाताने राखेला स्पर्श करावा. हाताला ऊब लागली तर शेकोटी विझलेली नाही.

शौचासाठी पाण्यापासून ६० मीटरवर पंधरा ते वीस सेंटिमीटर खोल खड्डा खणून तो नंतर मातीने बुजवावा, आणि वापरलेला कागद पिशवीत भरून परत न्यावा. वृक्षरेषेच्या आसपास माती इतकी पातळ आणि थंड असते की मैला कुजत नाही. तिथे तोही खास पिशवीत घालून खाली आणावा.

निघताना मेखा मोजून घ्याव्यात आणि जमिनीवर वाकून दोरीचे तुकडे, वेष्टनांचे कोपरे वेचावेत. रात्री पाऊस झाला असेल तर कच्च्या रस्त्यावर लगेच गाडी घालू नये. ओल्या मातीत पडलेल्या चाकोऱ्यांतून पुढचा पाऊस वाहू लागतो आणि रस्ताच धुपून जातो, त्यामुळे वरची माती उन्हाने वाळेपर्यंत दोन-तीन तास तिथेच काढावेत.