विजापूर एका दिवसात बघायचंय? मग दिवस असा आखा

आपल्याकडून विजापूरला जाणारे बरेच लोक काय करतात, गोल घुमट बघतात, वर चढून चार आरोळ्या मारतात, फोटो काढतात आणि सोलापूर नाहीतर पंढरपूरच्या रस्त्याला लागतात. खरंच जीव हळहळतो बघून, कारण हे शहर जवळपास दोनशे वर्षं आदिलशाहीची राजधानी होतं, शहाजीराजे याच दरबारचे सरदार होते, अफजलखान 1659 साली इथूनच निघाला, म्हणजे शाळेत अर्धा इतिहास आपण ज्या गावाचं नाव ऐकत शिकलो ते गाव सोलापूरपासून फक्त शंभरेक किलोमीटरवर आहे. एक दिवस नीट वापरला तर महत्त्वाचं सगळं बघून होतं. फक्त क्रम चुकवायचा नाही.

क्रम सोपा आहे, पूर्वेकडून पश्चिमेकडे. गोल घुमट शहराच्या पूर्व टोकाला, इब्राहिम रोजा म्हणजे इब्राहिम आदिलशहाची कबर पश्चिमेला तटाच्या बाहेर, आणि बाकीचं सगळं यांच्या मधे. सुरुवात घुमटाने, शेवट रोज्याने. उलटं केलंत तर घुमटात भर गर्दीत पोचाल आणि मग तिथे जायचं जे मुख्य कारण, तो आवाज, तोच ऐकू येणार नाही.

तर गोल घुमटला सकाळी जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर जा, शक्यतो गेट उघडल्या उघडल्या. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहलींच्या बसेस लागतात, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्हीकडच्या, आणि एकदा का पोरं वर पोचली की मग नुसता गलका. चार कोपऱ्यांना सात मजली मनोरे आहेत, त्यांच्या आतूनच जिना आहे, अरुंद आणि पायऱ्या उंच, तेव्हा गुडघे दुखणाऱ्यांनी सावकाश चढा किंवा खाली हॉलमधेच थांबा, खालूनही बघण्यासारखं खूप आहे. वर गेलात की लगेच आत घुसू नका, आधी बाहेरच्या गच्चीवरून शहर बघून घ्या, दिवसभर कुठे कुठे जायचंय ते इथून बरंचसं कळतं.

आता आवाज कसा ऐकायचा ते सांगतो कारण नव्वद टक्के लोक नुसते ओरडतात. ओरडलं की आवाज सात-आठ-दहा वेळा परत येतो हे खरं, पण खरी गंमत कुजबुजण्यात आहे. दोघांनी गॅलरीत बरोबर समोरासमोर उभं राहायचं, मधे 38 मीटरच्या आसपास अंतर पडतं, एकाने तोंड भिंतीकडे करून अगदी हळू बोलायचं आणि दुसऱ्याने कान भिंतीजवळ ठेवायचा. शेजारी बसून बोलल्यासारखं ऐकू येतं! कागद फाडून बघा, तोही ऐकू येतो. आवाज त्या गोल भिंतीला धरून धरून फिरत जातो म्हणून असं होतं.

खाली आलात की हॉलच्या मधोमध उभं राहून वर बघा. 135 फूट लांब, 135 फूट रुंद, आणि मधे एकही खांब नाही. घुमट पेलला कसा तर आठ कमानी एकमेकींना छेदत वर नेल्यात, चौकोनाचा हळूहळू गोल होत जातो आणि त्या कड्यावर घुमट बसलाय. ही कबर मोहम्मद आदिलशहाची, तो 1656 मधे गेला. वर चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणेच्या कबरी, खऱ्या खाली तळघरात आहेत. समोरच्या नगारखान्यात म्युझियम आहे, अर्धा तास पुरे, शुक्रवारी बंद असतं.

इथून रिक्षा करा, पूर्ण दिवसाची. भाव आधी ठरवा, आणि कुठे कुठे थांबायचंय ती नावं आधीच सांगा, नाहीतर तीन ठिकाणं दाखवून झालं म्हणतात. भाषेची काळजी नको, हिंदी सगळीकडे चालते, मराठी समजणारेही बरेच भेटतात.

मग जामा मशीद. अली आदिलशहा पहिला याने बांधायला घेतली, हाच तो विजयनगरविरुद्धच्या तालिकोटच्या 1565 च्या लढाईतला. आत फरशीवर नमाजाच्या चटयांसारखे सव्वादोन हजारांच्या आसपास चौकोन आखलेत, ते काम औरंगजेबाच्या काळातलं. चपला काढायच्या असतात आणि दुपारी अंगणातला दगड तापतो, म्हणून मोजे घालून या. शुक्रवारी दुपारी नमाजाची वेळ टाळा. तिथून जवळच मेहतर महाल, नाव महाल पण आहे एक दरवाजा, त्याचा सज्जा पेलणारे कोरीव दगडी आधार मान वर करून बघा, दहा मिनिटं लागतात पण चुकवू नका. आसार महाल बाहेरून बघितला तरी चालेल.

बालेकिल्ल्यात गगन महाल, 1561 चा, त्याची मधली कमान अजून तशीच उभी आहे, छत मात्र गेलं. 1686 मधे औरंगजेबाने विजापूर घेतलं आणि आदिलशाही संपली. बारा कमान तिथून जवळ, अली आदिलशहा दुसरा याची अर्धवट राहिलेली कबर. नुसत्या काळ्या कमानी आभाळाखाली, बागेत सावली आहे, टेका थोडं.

जेवण इथेच आटपा आणि हॉटेलात पनीर मागवू नका प्लीज. खानावळ शोधा. ज्वारीची भाकरी, मऊ नाहीतर कडक जी हवी ती, भरली वांगी, शेंगदाण्याची चटणी, दही, कच्चा कांदा. सोलापूरच्या माणसाला घरचंच वाटेल, पुण्या-मुंबईच्या लोकांनी तिखटाचा अंदाज घेऊन खा.

दुपारनंतर उपळी बुरुज, 1584 चा, साधारण 80 फूट उंच, जिना बाहेरून गोल फिरत वर जातो आणि वर लांबच लांब तोफा पडल्यात. कठडा भरवशाचा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. आणि तिथून जवळ मुलूख मैदान तोफ. इथे मात्र घाई नको. 55 टन वजन, 1549 साली अहमदनगरला ओतलेली, मग परांड्याच्या किल्ल्यात होती आणि 1632 मधे मुरार जगदेवाने तिथून विजापूरला आणली, हो तोच, ज्याने पुणं जाळलं. तोंडाजवळ जाऊन बघा, सिंहाने जबडा उघडलाय आणि त्याच्या दातांत हत्ती चिरडतोय, एकेक दात वेगळा कोरलाय. अंगावर लेख आहेत, एक ओतणाऱ्याचा आणि एक औरंगजेबाने विजापूर घेतल्यावर कोरून घेतलेला, म्हणजे निजामशाही, आदिलशाही आणि मुघल तिघांचा हिशोब एकाच तोफेवर.

वेळ असेल तर ताज बावडी ही विहीर, 1620 ची, नसेल तर सोडा, कारण चार वाजेपर्यंत इब्राहिम रोजाला पोचायचंच आहे. वेगळं तिकीट लागतं. माझं स्पष्ट मत आहे की विजापुरातली सगळ्यात सुंदर गोष्ट गोल घुमट नाही, ही आहे. घुमट थक्क करतो पण रोजा सोडून निघवत नाही. एका चौथऱ्यावर समोरासमोर कबर आणि मशीद, मधे हौद, मनोरे बारीक आणि सुबक. इब्राहिम आदिलशहा दुसरा इथे आहे, शेजारी त्याची बेगम ताज सुलताना, बांधणारा मलिक संदल, आणि खर्च दीड लाख होन, म्हणजे सोन्याची नाणी, असा तिथल्या लेखातच आहे. उन्हं मशिदीच्या बाजूने कलतात आणि कबरीच्या तोंडावर येतात, तेव्हा आधी व्हरांड्यात फिरून भिंतींवरची नक्षी बघा आणि मग खिडक्यांपाशी थांबा. त्या जाळ्या साध्या नाहीत, दगडात अक्षरं कोरून अक्षरांच्या मधली जागा आरपार काढलीय, आतला उजेड त्या अक्षरांमधून येतो. आतल्या खोलीचं छत सपाट आहे, दगडाचं, आणि खालून बघताना आधार कुठेच दिसत नाही. निदान तासभर ठेवा इथे.

रिक्षावाल्याला बाहेर थांबायला सांगून ठेवा, संध्याकाळी या बाजूला दुसरी मिळायला वेळ लागतो. ट्रेनने आला असाल तर स्टेशन परत पूर्वेला, गोल घुमटाच्या बाजूला आहे, म्हणजे अख्खं शहर ओलांडून जायचंय, तेवढा वेळ हाताशी ठेवून निघा. आणि एप्रिल-मेमधे हा बेत करूच नका, नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघा.