झुंजुमुंजूच्या उजेडासाठी दुर्बीण कशी निवडावी

वन्यप्राणी पाहण्यासाठी असो किंवा कायद्याने परवानगी दिलेल्या शिकारीसाठी असो, दुर्बिणीची खरी कसोटी दिवसातल्या दोनच वेळी लागते: झुंजुमुंजू होताना आणि तिन्हीसांजेला. पुष्कळ सस्तन प्राणी याच वेळी आडोसा सोडून चरायला आणि पाणवठ्यावर येतात, आणि नेमका याच वेळी उजेड सर्वांत कमी असतो. आपण मात्र दुर्बीण विकत घेतो ती दुकानातल्या झगझगीत प्रकाशात किंवा भर दुपारच्या उन्हात, जिथे सामान्य प्रतीची दुर्बीणही उत्तमच भासते. मध्यम किमतीच्या दुर्बिणीत सगळेच गुण एकत्र मिळत नाहीत, त्यामुळे विक्रेता सांगेल त्या प्रत्येक वैशिष्ट्याला एकच प्रश्न लावून पाहावा: कमी उजेडात, तासभर हातात धरून पाहताना, याचा मला उपयोग काय?

दुर्बिणीवर ८×४२ किंवा १०×४२ असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा वस्तू किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये देतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यापर्यंत पोहोचणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो, आणि माझ्या मते दुर्बिणीच्या खोक्यावर न छापलेला हाच आकडा सर्वांत मोलाचा आहे. दुर्बीण हात लांब करून आकाशाकडे धरली तर नेत्रिकेत, म्हणजे डोळ्याला लावायच्या भिंगात, जे लहानसे उजळ वर्तुळ दिसते, तो हाच झोत. डोळ्याची बाहुली भर उन्हात २ ते ३ मिलिमीटर असते आणि अंधार पडू लागला की ५ ते ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. वय वाढते तसे हे उघडणे कमी होत जाते. खिशात मावणारी १०×२५ दुर्बीण २.५ मिलिमीटरचा झोत देते, म्हणून ती दुपारी झकास चालते आणि संध्याकाळी बाहुली उपाशी ठेवते. १०×४२ मध्ये हाच झोत ४.२ मिलिमीटर आणि ८×४२ मध्ये ५.२५ मिलिमीटर मिळतो. ८×५६ चा झोत ७ मिलिमीटर असतो, परंतु ज्यांची बाहुली ५ मिलिमीटरपलीकडे उघडत नाही त्यांना त्यातला बराच प्रकाश डोळ्याबाहेरच सांडतो आणि वजन मात्र गळ्यात राहते.

नवख्या माणसाचा ओढा नेहमी जास्त पटींकडे असतो आणि इथेच पैसे वाया जातात. दुर्बीण प्राण्याला जितके मोठे करते तितकेच हाताच्या थरथरीलाही मोठे करते, त्यामुळे १२ पटींची दुर्बीण टेकू न देता धरली तर कान आणि पान यांतला फरक ८ पटींपेक्षाही अवघड होऊन बसतो. शिवाय पट वाढली की दिसणारा पट्टा आकसतो. चांगल्या ८×४२ मधून १००० मीटर अंतरावरचा साधारण १३० मीटर रुंदीचा प्रदेश एका वेळी दिसतो, तर १०×४२ मधून सुमारे ११० मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबाने पहिलीत जवळजवळ ४० टक्के अधिक जागा दिसते. झाडीत हलणाऱ्या प्राण्यावर दुर्बीण पटकन लावायची असेल तेव्हा ही जागा फार कामाला येते. (माहितीपत्रकात रुंदी अंशांत दिली असेल तर एका अंशाला १७.५ मीटर धरावेत.) उघडे माळ, डोंगरउतार, दरीपलीकडची कपार असे दूरचे पाहायचे असेल आणि गुडघ्यावर, काठीवर किंवा तिपाईवर टेकायची सोय असेल, तर १० पटींची जरूर घ्यावी. इतर सर्वांसाठी माझे मत ८×४२ लाच आहे. पटी कमी-जास्त करता येणारी झूम दुर्बीण या किमतीत घेऊच नये, कारण तिचे दृश्य अरुंद व काळपट असते आणि दोन्ही नळ्या सर्व पटींवर एकसारख्या राहणे कठीण जाते.

प्रकाश भिंगात शिरताना आणि बाहेर पडताना, लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के परत फिरतो. एका नळीत असे दहा पृष्ठभाग धरले तरी डोळ्यापर्यंत जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश उरतो, आणि परत फिरलेला प्रकाश आतच भटकून दृश्यावर धुरकट पडदा आणतो तो वेगळाच. १९३५ मध्ये जर्मनीच्या झाईस कंपनीत अलेक्झांडर स्माकुला यांनी भिंगांवर पारदर्शक पातळ लेप चढवण्याची पद्धत काढली आणि दुर्बिणीचे रूपच पालटले. आजचे बहुपदरी लेप प्रत्येक पृष्ठभागावरचे नुकसान अर्ध्या टक्क्याच्या आसपास आणतात. म्हणून खोक्यावरचे शब्द बारकाईने वाचावेत. नुसते ‘कोटेड’ म्हणजे काही पृष्ठभागांवर एक पदर, ‘मल्टी-कोटेड’ म्हणजे काहींवर अनेक पदर, आणि ‘फुली मल्टी-कोटेड’ म्हणजे हवेला लागून असलेल्या प्रत्येक पृष्ठभागावर अनेक पदर. शेवटचे नसेल तर पुढे विचारच करू नये. याची खातरजमाही करता येते: दिव्याखाली दुर्बीण तिरकी धरून पुढच्या भिंगात डोकावले असता दिव्याची प्रतिबिंबे मंद हिरवी किंवा जांभळी दिसली पाहिजेत, एखादे पांढरेशुभ्र चमकले तर तो पृष्ठभाग लेपाविना राहिला आहे. आरशासारखी लालभडक चमकणारी भिंगे दिसायला देखणी असली तरी आपल्याला हवा असलेला प्रकाश तीच परतवून लावतात.

आतल्या प्रिझमचे, म्हणजे उलटे दृश्य सुलटे करणाऱ्या काचेच्या ठोकळ्यांचे, मुख्य प्रकार दोन. इटलीच्या इग्नाझियो पोरो यांनी १८५४ मध्ये पेटंट घेतलेली रचना खांदे बाहेर आलेल्या, जुन्या वळणाच्या दुर्बिणीत असते. तिच्यात प्रकाश काचेच्या आतूनच पूर्ण परावर्तित होत असल्याने आरशाचा लेप लागत नाही, त्यामुळे त्याच किमतीत ती बहुधा अधिक उजळ दृश्य देते. मात्र ती आकाराने ऐसपैस असते आणि पाण्यापासून बंदिस्त करणे अवघड जाते. सरळ नळ्यांच्या ‘रूफ’ दुर्बिणी सुटसुटीत आणि दणकट असतात, पण त्यांच्यातल्या बहुतेकींच्या प्रिझमला दोन जादा लेप लागतात. पहिला फेज कोटिंगचा, जो झाईसने १९८८ मध्ये आणला आणि ज्याच्यावाचून बारीक तपशील मऊ पडतात. दुसरा आरशाचा: ॲल्युमिनियमपेक्षा चांदीचा बरा आणि चांदीपेक्षा डायइलेक्ट्रिक (धातूऐवजी पारदर्शक पदार्थांच्या अनेक पदरांचा) सरस, कारण तो ९९ टक्क्यांहून अधिक प्रकाश परतवतो. मध्यम किमतीत पैसे कशावर खर्चावेत असे कोणी विचारले तर मी या दोन लेपांवर बोट ठेवेन. दृश्याच्या कडांवरची जांभळी झालर कमी करणारी ‘ईडी’ काच मिळाली तर चांगलीच, पण लेपांना काट मारून ती घेऊ नये.

आता दुकानातली परीक्षा. चष्मा लावणाऱ्यांनी नेत्रिकेपासून डोळ्यापर्यंतचे अंतर किमान १६ मिलिमीटर आहे का ते विचारावे, रबरी कडा पूर्ण खाली फिरवाव्यात आणि चष्म्यासकट संपूर्ण गोल दृश्य दिसते का ते पाहावे. दोन्ही नळ्या आपल्या डोळ्यांच्या अंतराशी जुळल्या की दोन वर्तुळांचे एकच वर्तुळ व्हायला हवे. मग दूरच्या विजेच्या तारेकडे पाहत दुर्बीण डोळ्यांपासून सावकाश चार बोटे लांब न्यावी. दोन्ही नळ्यांतली तार एका उंचीवर न राहता वरखाली झाली तर नळ्या एकरेषेत नाहीत, आणि अशी दुर्बीण अर्ध्या तासात डोके दुखवते. फोकसचे चाक एका बोटाने, मध्ये न अडता आणि ढिले न पडता फिरले पाहिजे. यानंतरची परीक्षा मला सर्वांत भरवशाची वाटते. उजळ रस्त्याकडे न पाहता दुकानातल्या सर्वांत काळोख्या कोपऱ्यात, मांडणीच्या तळाशी ठेवलेल्या खोक्यांवर दुर्बीण लावावी आणि त्यांच्यावरची बारीक अक्षरे दोन-तीन दुर्बिणींतून पाळीपाळीने वाचून पाहावीत. उन्हात सारख्या भासणाऱ्या दुर्बिणींतला फरक तिथे लगेच कळतो.

आत नायट्रोजन भरलेली आणि जलरोधक असणे आज या किमतीत सहज मिळते, त्यात तडजोड नको. थंडीतून उबेत आल्यावर आतून धुके धरलेली दुर्बीण सुकेपर्यंत निरुपयोगी असते. ४२ मिलिमीटरच्या दुर्बिणीचे वजन साधारण ६०० ते ७५० ग्रॅम भरते, म्हणून मानेवरच्या पट्ट्याऐवजी खांद्यांवर भार घेणारा पट्टा घ्यावा.

घरी आणल्यावर आधी दोन्ही डोळ्यांची जुळणी करावी. उजवे भिंग झाकून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला एखादी दूरची पाटी स्पष्ट करावी, मग डावे झाकून, मधले चाक न हलवता, उजव्या नेत्रिकेजवळच्या कड्याने तीच पाटी स्पष्ट करावी. कड्याची ती खूण लक्षात ठेवली की पुढे केवळ मधले चाक पुरते. पुष्कळ लोक ही जुळणी कधीच करत नाहीत आणि दुर्बिणीला नावे ठेवतात.

रानात बसून, कोपरे गुडघ्यांवर टेकवून, समोरचा प्रदेश पट्ट्यापट्ट्यांनी पाहावा आणि प्रत्येक जागी दुर्बीण काही क्षण स्थिर ठेवावी. अख्खा प्राणी शोधू नये. उभ्या खोडांमधली पाठीची आडवी रेघ, कानाची कड, ओल्या नाकाची चमक शोधावी. एका संध्याकाळी वाळक्या फांदीचे बेचके म्हणून मी जे दोनदा ओलांडून गेलो होतो, त्याचा एक फाटा तिसऱ्या वेळी माशी झटकल्यासारखा हलला, आणि मग त्याच्याखालचा डोळा, गळ्याचा फिकट पट्टा आणि झुडपात बसलेले सगळे हरीण एकेक करून उलगडत गेले.

शिकाऱ्यांनी एक पथ्य कधीही मोडू नये: बंदुकीवरच्या दुर्बिणीने प्राणी शोधू नये, कारण तिच्यातून जिकडे पाहाल तिकडे बंदुकीची नळीही रोखलेली असते आणि समोरचे झुडूप माणसामुळेही हलत असू शकते. आधी हातातल्या दुर्बिणीने प्राणी, त्याची जात, नर-मादी आणि त्याच्या मागे काय आहे हे पक्के करावे, मगच बंदुकीला हात लावावा. सूर्याकडे दुर्बीण क्षणभरही लावू नये.

परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी एक पूर्ण संध्याकाळ दुर्बीण घेऊन बाहेर बसावे, सूर्य मावळल्यापासून काहीच दिसेनासे होईपर्यंत. नुसत्या डोळ्यांनी न दिसणारे झाडाचे खोड तिच्यातून किती वेळ ओळखू येते ते पाहावे, आणि डोळे जड झाले किंवा कपाळ ठणकू लागले तर दुसऱ्या दिवशी ती बदलून घ्यावी.