ब्रिकेटच्या कामात नव्याने येताय? आधी ओल मोजायला शिका

ब्रिकेट म्हणजे भुसा जोरात दाबून केलेली जळणाची कांडी. तिच्या मशीनची चौकशी करण्याआधी एक छोटा ओव्हन आणि ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा वजनकाटा घ्या. ठोके देऊन दाबणारी पिस्टन प्रेस घ्यावी की फिरत्या स्क्रूने दाबणारी स्क्रू प्रेस, डाय (ज्यातून ब्रिकेट दाबून निघते तो साचा) किती मिलिमीटरची असावी, यावर नवी मंडळी महिनोन्‌महिने खल करतात. मीही केला. पण माझं काम अडलं ते भुशातल्या पाण्यापाशी, आणि त्या काळाची धास्ती अजून गेलेली नाही. आजही माल उतरला की आधी ढिगात कोपरापर्यंत हात घालून पाहतो.

बाइंडर, म्हणजे वरून चिकटवणारा पदार्थ, न घालता ब्रिकेट टिकते ती लाकडातल्या लिग्निन नावाच्या नैसर्गिक चिकट द्रव्यामुळे. दाब आणि उष्णता मिळाली की ते मऊ होतं, कण एकमेकांना चिकटतात आणि थंड झाल्यावर घट्ट बसतात. थोडी ओल असली तर लिग्निन लवकर मऊ होतं, म्हणून माल अगदी कोरडाठाक चालत नाही. साधारण ८ ते १२ टक्के ओल लागते. इथवर सगळ्यांना माहीत असतं. मलाही होतं, आणि तरीही ब्रिकेटचे तुकडे पडत होते.

कारण असं की आकडा सरासरीचा असतो, आणि डायमध्ये सरासरी जात नाही. ओल्या ओंडक्यांच्या कापणीचा भुसा आणि सुतारकामातला वाळलेला भुसा एकत्र केला की चाचणी ११ टक्के दाखवते. मन निर्धास्त होतं. प्रत्यक्षात त्या ढिगात २५ टक्के ओलीचे गोळे आणि ६ टक्क्यांचा कोरडा भुसा शेजारी शेजारी असतो. ओला गोळा तापलेल्या डायमध्ये गेला की त्यातल्या पाण्याची वाफ होते. मोकळ्या हवेत पाण्याची वाफ होताना आकारमान सुमारे १,७०० पट वाढतं. डायमध्ये तिला जागाच नसते. मग ती ब्रिकेट आडवी चिरते, नाहीतर स्क्रू प्रेसमध्ये मागे फिरून हॉपरमधून, म्हणजे भुसा ओतायच्या तोंडातून, भुशासकट उसळते. लगेच पाठोपाठ कोरडा भुसा येतो, तेव्हा घर्षण वाढतं, मोटरवर ताण येतो, ब्रिकेटची पाठ काळी पडते. एकाच तासात दोन्ही लक्षणं दिसत असतील तर दोष डायचा नाही. माल एकसारखा नाही.

हे नीट लक्षात घ्या, कारण इथेच चुकीचा सल्ला मिळतो. डायचं तापमान वाढवा, असं मला ठामपणे सांगण्यात आलं. तापमान वाढवल्यावर वाफ आणखी जोरात सुटली. सल्ला देणारा अनुभवी होता, पण त्याने आयुष्यभर एकाच प्रकारचा माल चालवला होता. माझं स्पष्ट मत आहे: गुरू करायचा तर तीन-चार प्रकारचा माल स्वतः दाबलेला ऑपरेटर शोधा. मशीन विकणाऱ्याचं प्रात्यक्षिक पाहायला जाताना तुमचा माल पोत्यात भरून न्या. त्याच्याकडचा निवडलेला भुसा कुठल्याही मशीनमध्ये छान दाबला जातो.

मोजायचं असं. ढिगाच्या वरून, मधून, तळातून आणि कडेने वेगवेगळे नमुने घ्या आणि ते एकत्र करू नका. प्रत्येकी १०० ग्रॅम भुसा १०५ अंश सेल्सिअसला ठेवा आणि वजन घटायचं थांबेपर्यंत वाळवा. ८३ ग्रॅम उरले तर ओल्या वजनावर ओल १७ टक्के. तोच आकडा कोरड्या वजनावर काढला तर साडेवीस येतो, आणि लाकडाची सुई-मीटरं सहसा हा दुसराच आकडा दाखवतात. समोरचा माणूस कुठल्या हिशेबाने बोलतोय ते आधी विचारा. नमुन्यांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर माल पुन्हा कालवा, चाळा, हवं तर एक रात्र झाकून ठेवा. मग परत मोजा.

ड्रायरचा हिशेबही कागदावर मांडा. ४० टक्के ओलीचा १,५०० किलो भुसा वाळवून १० टक्क्यांवर आणला की हाती १,००० किलो राहतो, म्हणजे ५०० किलो पाणी उडवावं लागतं. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. नुसत्या वाफेपुरताच सुमारे ६० किलो कोरडा भुसा जाळावा लागेल, आणि खरा ड्रायर त्याहून बराच जास्त खातो. फुकट मिळणारा ओला माल फुकट नसतो तो यामुळे.

घाबरून जाऊ नका. ओलीवर हात बसला की निम्म्याहून अधिक कटकटी आपोआप मिटतात. पहिल्या महिन्यात एकच माल घ्या, शक्यतो भुसा किंवा शेंगांची टरफलं. भाताच्या तुसापासून सुरुवात करू नका. त्यात सुमारे २० टक्के राख असते, तीही बहुतेक सिलिका, त्यामुळे स्क्रूची धार झपाट्याने झिजते.

प्लायवूड, एमडीएफ, रंगवलेलं किंवा औषध मारलेलं लाकूड कुणी कितीही आग्रहाने दिलं तरी घेऊ नका. जळताना त्याचा धूर विषारी होतो. उच्च दाबाच्या मशीनमध्ये मळी किंवा स्टार्च घालून ओलीचा दोष झाकण्याचा प्रयत्नही नको. बाइंडरची जागा हाताने दाबायच्या ओल्या ब्रिकेटमध्ये आणि कोळशाच्या भुकटीत आहे.

चालू डायच्या तोंडासमोर उभं राहू नका आणि हॉपरवर वाकू नका. हे मी विनंती म्हणून सांगत नाही. भुसा येतो त्या वाटेवर चुंबक बसवा, एका खिळ्याची ठिणगी कोरड्या भुशाला पुरते. उडालेला बारीक भुसा रोज झाडून काढा, कारण हवेत तरंगणारी ही धूळ स्फोटासारखी पेटते. ओला ढीग आठवडेच्या आठवडे पडून राहिला तर आतून तापतो, म्हणून तो अधूनमधून उलथत राहा.

डायमधून निघालेली ब्रिकेट लांब चॅनेलवरून सावकाश पुढे जाऊ द्या. गरम असताना पोत्यात भरली तर आतली वाफ पोत्यातच थंड होऊन पाणी बनते आणि कडा भुरभुरतात. गोदामात फळ्यांवर रचा, जमिनीला टेकवू नका. पाण्याचा शिडकावा झाला तरी ती फुगून पुन्हा भुसा होते. पहिली विक्री करताना प्रत्येक लॉटचा ओलीचा आणि राखेचा आकडा लिहून द्या. बॉयलर चालवणारा माणूस दुसऱ्यांदा माल मागवताना तेच पाहतो.