विजेच्या रेल्वेचे कागद सांभाळायला येताय? आधी डबा तपासा

बडोद्यात रेल्वेचा इतिहास म्हटलं की गाडी थेट डभोईला जाते. गायकवाडांची नॅरोगेज, १८६२ साली डबे ओढणारे बैल, प्रतापनगरचं म्युझियम. वाफेच्या इंजिनावर जीव टाकणारे पुष्कळ आहेत, त्यात भर घालायची गरज नाही. विरारच्या पुढे आपल्याकडे २५ किलोव्होल्टची तार आली ती सत्तरच्या दशकात. त्या कामावर असलेली माणसं आता पंच्याहत्तरी ओलांडून गेली आहेत आणि त्यांच्या माळ्यावरचे कागद भंगारवाल्याकडे निघालेत. छोट्या संशोधन संग्रहात नोकरीला लागलात तर तुमच्या टेबलावर हेच येणार.

पगार बेताचा आणि काम कंत्राटी, हे गृहीत धरा. कॅटलॉगिंग तुम्ही शिकलेलेच असता, त्यावर बोलत नाही. मोडी येत नाही म्हणूनही घाबरू नका. संस्थानी दप्तराला ती लागते, ओव्हरहेड तारेच्या ड्रॉइंगला नाही.

मला नडले ते कागद ठेवायचे डबे. कोर्समध्ये एकच मंत्र घोकून घेतात: ॲसिड-फ्री. पण असल्या डब्यात आणि कागदात बऱ्याचदा मुद्दाम कॅल्शियम कार्बोनेट घातलेलं असतं, आम्ल मारायला. साध्या पत्रव्यवहाराला ते उत्तम. फेरो प्रिंटला मात्र विष. गर्द निळ्यावर पांढऱ्या रेघा असलेली ड्रॉइंगची नक्कल ती फेरो प्रिंट, आणि तो निळा रंग अल्कलीपुढे टिकत नाही. उजेडाने फिका पडलेला निळा अंधारात ठेवल्यावर थोडाफार परत येतो, अल्कलीने खाल्लेला येत नाही. म्हणून पुरवठादाराला ‘ॲसिड-फ्री आहे का’ एवढंच विचारून भागत नाही. ‘बफर्ड की अनबफर्ड’, म्हणजे ते अल्कलीचं कार्बोनेट घातलेलं की न घातलेलं, हे विचारा, आणि उत्तर बिलावर लिहून घ्या. फेरो प्रिंटला अनबफर्डच हवा. डबा तसा आणि आतला फोल्डर बफर्ड, हेही चालत नाही. चुना मारलेल्या ओलसर भिंतीला गुंडाळी टेकवणं ही त्याच जातीची चूक.

पांढरट कागदावर निळ्या-जांभळ्या रेघा दिसल्या तर ती अमोनिया प्रिंट. सत्तरच्या दशकातल्या ढिगात हीच जास्त. तिच्यातून निघणाऱ्या रसायनांनी शेजारचा कागद डागळतो, तेव्हा तिला फेरो प्रिंटबरोबर एका डब्यात कोंबू नका. ट्रेसिंग क्लॉथला पाणी लागलं की त्याची खळ सुटते. विश्वामित्रीच्या पुराने २०२४ मध्ये काय केलं ते इथे सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यात खालचा कप्पा रिकामा ठेवा.

मोबाइलच्या स्कॅन ॲपबद्दल माझं मत वाईट आहे आणि ते बदलणार नाही. ॲप कडा कापतं आणि चित्र काळं-पांढरं करतं. उजव्या कोपऱ्यातली चौकट, तिच्यावरच्या दुरुस्त्यांच्या तारखा, कुणीतरी तांबड्या पेन्सिलीने हलवलेला खांब, सगळं गेलं. कागदाला हात न लावता ‘डिजिटाइज करून टाका’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकांपेक्षा निवृत्त ट्रेसरकडे, म्हणजे ड्रॉइंग उतरवून काढणाऱ्याकडे, एक दुपार बसा. चहा तोच पाजेल.

बडोद्याच्या दांडिया बाजारात एखाद्या घरी मध्य रेल्वेचे कागदही निघतात. तिथे ईएफ/१ आणि डब्ल्यूसीजी-१ अशी दोन नावं दिसली तर नोंद एकच करा. घाटातलं ते एकच इंजिन, म्हणजे ड्रायव्हरांचा ‘खेकडा’. जीआयपीच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या कंपनीच्या, काळातलं नाव पुढे बदललं, एवढंच.

मुलाखतींची धास्ती घेऊ नका, ही मंडळी बोलायला आसुसलेली असतात. फक्त ‘अनुभव सांगा’ म्हणू नका, निरोपसमारंभाचं भाषण ऐकावं लागेल. विरारचं विचारा. तिथे १५०० व्होल्ट डीसी संपून एसी लागायचा, आणि त्यासाठीच १९७५ पासून दोन्हींवर चालणारी डब्ल्यूसीएएम-१ इंजिनं आली. पश्चिम रेल्वेवरचा डीसी २०१२ मध्ये संपला, म्हणजे तो बदल हाताने केलेली माणसं हीच. ‘डीजे खोलला’ असं कुणी म्हणालं तर तो सर्किट ब्रेकर, वरातीतला नव्हे. हात कुठे होता, नजर कशावर होती, मधल्या मेल्या, म्हणजे वीज नसलेल्या, तारेखालून गाडी कशी सरकत राहायची, हे विचारा. आणि रेकॉर्डर सुरू करण्याआधी संमतीपत्रावर सही घ्या. नंतर मुलगा अमेरिकेहून फोन करून नाही म्हणतो.