वन आरकेमध्ये राहून एकमेकांना स्पेस कशी द्यायची

मुंबईत दोघांना स्पेस हवी म्हटलं तर ती आणायची कुठून, वन आरकेमध्ये एक जण रुसून बसला तरी दुसऱ्याला त्याला ओलांडूनच किचनमध्ये जावं लागतं. आम्ही लग्नानंतर चार वर्षं डोंबिवलीत असेच राहतोय, म्हणून करून बघितलेलंच सांगते.

जागा नाही ना, मग वेळ वाटून घ्या. माझा नवरा नायगावच्या बीडीडी चाळीत वाढला, १६० चौरस फुटांची खोली नि माणसं सात. सासरे कामावरून आले की पॅसेजमध्ये स्टूल टाकून अर्धा तास बसायचे, तेवढ्यात हाक मारायची नाही हे पोरांनाही माहीत होतं. आम्ही तेच उचललं. लोकलमधून सव्वा तास लटकत आलेल्या माणसाला दारातच "आज गप्प का?" असं विचारूच नका, आधी चहा होऊ दे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. "मला जरा एकटं बसू दे" एवढंच बोलून थांबू नका, लगेच "जेवताना बोलूया" हेही सांगा. पहिल्या वर्षी मी काही न बोलता हेडफोन लावून भिंतीकडे तोंड करून पडायचे आणि हा तीन-तीनदा पाणी प्यायला उठायचा, मला खूप नंतर कळलं की तहान वगैरे काही नाही, तो माझा चेहरा बघायला उठायचा. अजून आठवलं की वाईट वाटतं. भांडण चालू असताना स्पेस मागितली तर समोरच्याला ती शिक्षाच वाटते, त्यामुळे हे शांत असताना ठरवा.

फोनचंही बोलून घ्या. शेवटच्या लोकलने येताना लोकेशन शेअर करणं ही काळजी, पण दिवसभर लास्ट सीन बघत बसणं म्हणजे पाळत झाली. मित्रमैत्रिणींना भेटायला परवानगी मागावी लागत असेल तर ते प्रेम नाही, तिथे स्पष्ट बोलाच.

लग्न झालेलं नसेल आणि दोघंही आईवडिलांकडे राहत असाल तर प्रॉब्लेम उलटा, भेटायलाच जागा नसते मग दिवसभर चॅटवर चिकटून राहतात आणि तरी मन भरत नाही. त्यापेक्षा आठवड्यातून एक अख्खी संध्याकाळ शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, बाकीचे दिवस थोडं सैल सोडा.

जवळीकसुद्धा ठरवावी लागते हं, आपोआप होत नाही. आमचं रविवारी संध्याकाळी फडके रोडवरून गणपती मंदिरापर्यंत चालत जायचं ठरलेलंय, दोघांचे फोन घरी ठेवून.