लीजहोल्ड फ्लॅटमधले हिस्से कागदावर कसे आणायचे (इंग्लंड-वेल्स)

नवरा-बायकोच्या नावावर लीजहोल्ड (म्हणजे ठरावीक मुदतीच्या लीजवर घेतलेला) फ्लॅट आहे आणि तो भाड्याने दिलाय. आयकर खातं हे भाडं आपोआप निम्मं-निम्मं धरतं. खरे हिस्से ९०:१० असतील आणि करही तसाच भरायचा असेल, तर आधी डिक्लेरेशन ऑफ ट्रस्ट (कुणाचा किती हिस्सा ते जाहीर करणारं डीड) करायचं, मग फॉर्म १७ (खऱ्या हिश्श्यांनुसार कर लावा, असं आयकर खात्याला कळवणारा फॉर्म) भरायचा. उलट्या क्रमाने गेलात तर फॉर्म नाकारला जातो.

पहिल्यांदा लँड रजिस्ट्रीकडून (मालमत्ता नोंदणी कार्यालयाकडून) टायटलचा, म्हणजे मालकीच्या नोंदीचा, उतारा काढा. त्यात फॉर्म ए रिस्ट्रिक्शन (मालकांचे हिस्से वेगळे असल्याची खूण असलेली नोंद) नसेल तर तुम्ही बहुधा जॉइंट टेनंट्स (सामाईक मालक) आहात, म्हणजे वेगळे हिस्सेच नाहीत. अशा वेळी एकाने दुसऱ्याला लेखी सेव्हरन्स नोटीस (सामाईक मालकी मोडून हिस्से वेगळे करण्याची सूचना) द्यायची आणि लँड रजिस्ट्रीला एसईव्ही फॉर्म पाठवायचा. त्याला फी नाही.

उतारा काढतानाच एक घोटाळा होतो. इमारतीच्या फ्रीहोल्डचा (कायमच्या मूळ मालकीचा) टायटल नंबर वेगळा आणि तुमच्या लीजचा वेगळा. डीडमध्ये चुकून पहिला पडला, तर दुसऱ्याच्याच मालमत्तेचे हिस्से पाडून बसाल! म्हणून नंबरासोबत लीजची तारीख, मुदत (समजा १२५ वर्षं) आणि मूळ पक्षकारही लिहा.

डीडमध्ये मुख्य मुद्दा एकच: लीज, त्याचं भाडं आणि विक्रीची निव्वळ रक्कम आम्ही टेनंट्स इन कॉमन (वेगवेगळ्या हिश्श्यांचे मालक) म्हणून ९० आणि १० टक्क्यांनी धारण करतो. भाडं ९०:१० आणि विक्रीची रक्कम ५०:५०, असं फॉर्म १७ ला चालत नाही. सर्व्हिस चार्ज (इमारतीच्या देखभालीचा खर्च) कोण किती भरणार तेही लिहून टाका. फ्रीहोल्डर (इमारतीचा मूळ मालक) मात्र पूर्ण रक्कम दोघांपैकी कुणाकडूनही मागू शकतो. प्रत्येक सही साक्षीदाराच्या डोळ्यांदेखत व्हायला हवी, आणि बायकोच्या सहीला नवरा साक्षीदार चालत नाही, कारण तोही पक्षकारच.

फ्लॅटवर कर्ज असेल तर सही करण्याआधी बँकेला विचारा. वाढीव हिश्श्याबरोबर कर्जाचा बोजाही घेतला, तर तेवढी रक्कम स्टँप ड्यूटी लँड टॅक्ससाठी (मालमत्ता हस्तांतरावरचा कर; वेल्समध्ये लँड ट्रान्झॅक्शन टॅक्स) मोबदला धरली जाते.

फॉर्म १७ वर शेवटची सही झाल्यापासून ६० दिवसांत तो डीडच्या प्रतीसह आयकर खात्याकडे पोचला पाहिजे. ६१ व्या दिवशी पोचला तर नवा फॉर्म भरा. मागच्या तारखेपासून काहीच लागू होत नाही.

टायटल एकाच्याच नावावर आणि हिस्सा दोघांचा असेल, तर सहसा ९० दिवसांत ट्रस्ट रजिस्ट्रेशन सर्व्हिसवर (ट्रस्टांच्या सरकारी नोंदवहीत) नोंदणीही लागते.